लोबेडवर (अवजड मशिनी नेणारा बुटका, लांब ट्रेलर) पोकलेन येते आहे, पण गावच्या वाटेवर ३.६ मीटरचा बोगदा. काय करू?

कपाशीवाला_कळंब

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाने बुटीबोरीकडच्या एका ठेकेदाराकडून २० टनी जुनी पोकलेन घेतली आहे. नाला खोलीकरण आणि शेततळ्यांची कामं पावसाच्या आत उरकायची, म्हणून सगळी घाई. वर्धा, देवळी, कळंब हा हायवे आहे, तिथवर चिंता नाही. आमचं गाव कळंबपासून सात किलोमीटर आत. दोन किलोमीटरवर बेंबळाच्या कालव्याचा पूल, मधोमध उंच, खांद्यासारखा. चारवर नव्या रेल्वेलाईनखालचा बोगदा, पाटी ३.६ मीटरची. आणि गावात शिरताना ११ केव्हीची (अकरा हजार व्होल्टची) विजेची लाईन रस्त्यावरून आडवी गेली आहे.

मशीन केबिनच्या टपापर्यंत २.९५ मीटर भरली. ट्रेलरवाला डेकची, म्हणजे मशीन ठेवतात त्या पाटाची, उंची ९० सेंटिमीटर सांगतो. म्हणजे ३.८५. तो म्हणतो टायरची हवा कमी केली की बसते, नेहमीचंच आहे. भावाला ते पटलं, शनिवारी भरायला निघतो आहे. आईला पटलं नाही, म्हणून इथे विचारतो.

राळेगावचा_जेसीबीवाला

२५ सेंटिमीटर हवेने? हवा काढून दोन इंच मिळाले तर नशीब, आणि तेवढ्या वजनाखाली टायरचे कडे फाटतील ते वेगळं. ट्रेलरवाल्याला आधी पाटी दाखवा.

घोडेवाला_वणी

भाऊ, शनिवारचं भरणं थांबवा, मंग बाकीचं वाचा.

मी २२ वर्षं घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, चालवला. वणी, घुग्गुस, उमरेड, खाणीच्या मशिनी इकडून तिकडे नेण्यात जवानी गेली. आता कंबर बसली, पोरगा चालवते.

तुमचा ३.८५ चा आकडा मले पटला नाही. केबिनचा टप कायले मोजला? पोकलेन भरली का सगळ्यात उंच असते ते बूमचं, म्हणजे मशीनच्या मोठ्या लोखंडी हाताचं, कोपर. हात आत मुडपून, बकेट लाकडी गुटक्यावर टेकवून, मशीन डेकवर पक्की बसली का मंग कोपरापासून थेट सडकेपर्यंत टेप सोडा. तोच आकडा खरा. आन डेकचे ९० सेंटिमीटर कोणी मोजले? माह्या लोबेडचा डेक सांगायले ९० अन् भरायले मीटर होता.

आता बोगदा. तिथं पाटी ३.६ ची नसून ४ ची असती तरी मी तुमाले जाऊ दिलं नसतं. बोगद्याची सडक मधात खोल असते. लोबेड लांब. पुढची चाकं पलीकडच्या चढावर लागतात तेव्हा मागची अजून अलीकडच्या उतारावर असतात, आन मधातलं ओझं तळापासून अधांतरी उचललेलं राहते. छोट्या गाडीले तळापासूनची उंची लागू पडते, आपल्याले नाही. चार बोटांचा फरक असला तरी कोपर बीमले लागते. त्यात पाटी लागल्यावर कोणी डांबराचा नवा थर टाकला असन तं पाटीही खोटी.

पण खरं दुखणं कालवा आहे. सारे लोक वर पाहतात, लोबेडवाल्यानं खाली पाहावं. डेक खाली आणला म्हणून वरची उंची वाचते, पण तेवढंच पोट सडकेजवळ येते. २०११ च्या मे महिन्यात देवळीकडं अशाच खांदेवाल्या पुलावर मी बसलो. चूक माहीच, क्लीनर उतरून पाहतो म्हणत होता, मी म्हटलं बस गपचूप. पुढची चाकं उतरली, पोट टेकलं, घोड्याची चाकं जागीच फिरायले लागली. इकडून एसटी, तिकडून वऱ्हाडाची ट्रॉली. नवरदेव उतरून आमच्या लोबेडले टेकून उभा होता बाप्पा, ऊन ४५ चं! मागं उतार, रॅम्प टाकाव तं अधांतरी. शेवटी ऑपरेटरनं डेकवरूनच बकेट बाजूच्या जमिनीवर दाबला, डेक हलका झाला, आम्ही चाकाखाली स्लीपरचे ठोकळे सारले. अडीच तास. हे कोणी करू नये, मशीन कलली असती तं कालव्यात गेली असती. आमचं नशीब.

म्हणून लोबेड कालव्याच्या अलीकडेच थांबवा. तिथं मशीन उतरवा आन पुढचे पाच किलोमीटर तिच्याच चेनवर (चाकांऐवजी असलेल्या लोखंडी पट्ट्यांवर) चालवत न्या. जमिनीवर बूम खाली घेऊन मुडपली का तीन मीटरच्या आसपास राहते, तेही कोपरापासून मोजा आन ३.६ च्या बोगद्यात एक माणूस पुढं ठेवून काढा. कालव्याच्या पुलालेही बरं. घोडा, लोबेड, मशीन मिळून चाळीस टनांच्या वर जाते. नुसती मशीन वीस.

चालवताना स्प्रॉकेट (चेन ओढणारं दातेरी चाक) मागं, आयडलर (दुसऱ्या टोकाचं मोकळं चाक) पुढं. उलटी लांब चालवली का चेन नाहक झिजते. किलोमीटरभर झालं का थांबा, रोलरजवळ हात नेऊन पाहा, तापले असन तं दम खाऊ द्या. जुनी मशीन आहे, पाच किलोमीटर तिच्यासाठी लई होते. डांबरावर जागच्या जागी वळवू नका, सडक सोलून निघते आन गावकरी तुमाले सोलतात. वळणावर चेनखाली जुने टायर टाका.

भरताना रॅम्पवर ओली माती नको, लोखंडावर लोखंड घसरते. पोते किंवा लाकूड टाका. चार कोपऱ्यांत बांधायच्या चार चेन, बूमले वेगळी. स्विंग लॉक (मशीनचा वरचा भाग फिरू न देणारा खटका) लावाच. जुन्या मशीनची बूम हळूहळू बसते, मंग चेन ढिली होते. म्हणून पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरवर उतरून परत आवळा. ड्रायव्हर आळस करन, तुम्ही स्वतः उतरा.

आन कागद. तुमची मशीन रुंदीले २.८ मीटर तरी भरन, नियमात गाडीची रुंदी २.६. म्हणजे ओडीसीची (मापाबाहेरच्या मालाची) परवानगी, लाल झेंडे, पुढं पायलट गाडी. बाहेर निघालेल्या मालाले २० हजाराचा दंड आहे, वरून माल उतरवायचा खर्च आपलाच. ट्रेलरवाला "पाहून घेऊ" म्हणन. कोण पाहन ते आधी लिहून घ्या. कळंबच्या चिंतामणीले नारळ फोडाच, पण टेप आधी लावा.

निवृत्त_वायरमन

घोडेवाल्यांशी सहमत. तारेचं मी सांगतो. ११ केव्ही रस्ता ओलांडते तिथे नियमाने ६.१ मीटर उंच हवी, त्यामुळे बूम खाली ठेवून मशीन जाताना अडचण यायला नको. तरी एकदा जाऊन बघा. काळ्या मातीत खांब कलतात, आणि मेच्या दुपारी तार तापून आणखी लोंबते. सकाळीच काढा. बांबूने तार उचलायची हौस कोणी करू नये, ओला बांबू वीज खाली आणतो.

खरा धोका कामाला लागल्यावर. शेतातून जाणारी उघडी ११ केव्हीची तार नियमानेच ४.६ मीटरवर असू शकते, आणि तुमच्या पोकलेनची बूम नऊ मीटरपर्यंत उठते. नाल्यात खोदताना ऑपरेटरचं लक्ष खाली असतं. तारेजवळ काम असेल तर आधी लाईन बंद करून घ्या. तरीही तार लागलीच तर ऑपरेटरने केबिनमध्येच बसून राहायचं, बाकीच्यांनी लांब व्हायचं. आग लागली तरच उडी, दोन्ही पाय जोडून, एक हात मशीनला आणि पाय जमिनीला असं कधीच नाही.

कपाशीवाला_कळंब

भावाला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. नवरदेवावर हसला, मग गप्प झाला. आज दोघं टेप घेऊन गेलो. डेक ९८ सेंटिमीटर! ट्रेलरवाला म्हणतो कालव्यापर्यंतच आलो तरी भाडं पूर्णच घेईन. परवानगीचा अर्ज त्यानेच करायचा, हे कबूल करून घेतलं. भरणं आता पुढच्या आठवड्यात.

घोडेवाले काका, टायर किती लागतील? आणि उतरवायला जागा कशी पाहू?

घोडेवाला_वणी

भाडं द्या पूर्ण, त्याचं डिझेल जळतेच. जागा सपाट आन कडक मुरमाची पाहा, कपाशीचं वावर नको, ट्रेलरची मागची चाकं रुतली का रॅम्प तिरपा होते. लोबेडले वळून परत जायलेही जागा लागन, नाही तं उलटा दोन किलोमीटर घेत बसन आन तुमाले शिव्या देईन. टायर वीसेक घ्या. पंक्चरवाले तसेही फेकतात. ट्रॉलीत टाकून मशीनच्या मागं ठेवा, आन दोन पोरं अशी घ्या जे चेनखाली पाय घालणार नाहीत.