खाणीच्या हद्दीबाहेरच्या विहिरीला वाली कोण?

वर्धाकाठ (धागाकर्ता):
चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत खुल्या कोळसा खाणींसाठी जमीन बहुतांशी 1957 च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्याखाली घेतली जाते, आणि मग सगळी चर्चा संपादित सातबाऱ्यांभोवतीच फिरत राहते: मोबदला किती, नोकरी कोणाला. माझा मुद्दा संपादनाची रेघ जिथे संपते, तिच्या पलीकडच्या शेताचा आहे. त्या शेतकऱ्याची जमीन गेलेली नसते, म्हणून कागदोपत्री तो प्रकल्पग्रस्तही नसतो. परंतु खाण खोल गेली की कोळशाच्या थरांवरील कामठी वालुकाश्मातले पाणी खड्ड्याकडे झिरपू लागते, ते पंपांनी अहोरात्र उपसले जाते आणि एरवी रब्बीला साथ देणारी विहीर दिवाळीनंतर तळ दाखवू लागते. पावसाळ्यात याच्या उलट घडते. खाणीतून काढून टाकलेल्या ढिगाऱ्यांवरची माती नाल्यात उतरते, नाला उथळ होतो आणि पाणी धुरा (शेताचा बांध) फोडून कपाशीत शिरते. ते ओसरल्यावर काळ्या जमिनीवर जो करडा गाळ उरतो, तो वाळला की पापडासारखा कडक होतो आणि त्यातून डवरा (कोळपणीचे अवजार) चालत नाही.

माझी मागणी अशी की, खाण भूजलपातळीच्या खाली उतरण्याआधी परिसरातील प्रत्येक विहिरीची पातळी, पाण्याची प्रत आणि जमिनीचा कस यांची नोंद ग्रामसभेसमोर व्हावी. पुढे विहीर आटली तर ती खाणीमुळे आटली नाही, हे खाणीने सिद्ध करावे.

जुना सर्वेक्षक:
नोंदीला माझा विरोध नाही, सिद्धतेचा भार उलटवण्याला आहे. विहीर पावसाच्या खंडाने आटते, शेजाऱ्याच्या खोल बोअरवेलनेही आटते; प्रत्येक कोरडी विहीर खाणीच्या खात्यावर टाकणे न्यायाचे नाही. उपशासाठी भूजल प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि पातळी मोजण्यासाठी पिझोमीटर बसवावे लागतात. बाहेर सोडायच्या पाण्याचे निकष 2000 पासून लागू आहेत: सामू (पीएच) 5.5 ते 9, तरंगते घनपदार्थ लिटरमागे 100 मिलिग्रॅमपर्यंत. आपल्याकडच्या गोंडवाना कोळशात गंधक कमी असते, त्यामुळे मेघालयातील नद्यांसारखे आम्लयुक्त पाणी येथे सहसा होत नाही. नागपूर जिल्ह्यातील पाटणसावंगीला तर वेकोलिने (वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीने) खाणीचे पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीबंदही केले.

वर्धाकाठ:
आपण दिलेल्या निकषांतच माझे उत्तर आहे. गंधक थोडे असले, तरी हवा लागल्यावर त्याचे आम्ल होते. ते खडकातील चुनखडी विरघळवते आणि स्वतः शमते. सामू सातच्या आसपास राहतो, पाणी नितळ दिसते, पण त्यात कठिणता आणि सल्फेट वाढलेले असते. त्या 2000 च्या निकषांत या दोहोंना मर्यादाच नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मात्र, दुसरा स्रोत नसल्यास, कठिणता 600 आणि सल्फेट 400 मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. म्हणजे नाल्यात सोडताना निर्दोष ठरलेले पाणी त्याच नाल्याकाठच्या विहिरीत पिण्यायोग्य नसू शकते. बाटलीबंद पाण्याचे म्हणाल, तर ते शुद्धीकरण यंत्रातून गेलेले असते. शेतकऱ्याच्या विहिरीवर ते यंत्र कोणी बसवून दिलेले नाही.

दोन एकरवाला:
दोघांचेही वाचले. आपण ज्या शेताला वाचवू पाहता, त्याच्या मालकाला एकदा तरी विचारा. कोल इंडियाच्या 2012 च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी आहे. माझ्या चुलतभावाची जमीन रेघेच्या आत आली आणि आज त्याची मुले नागपुरात शिकतात. माझी बाहेर राहिली. वेचणीच्या वेळी बोंडावर कोळशाची धूळ असते आणि व्यापारी कापूस हातात चोळूनच भाव पाडतो. नोंदी ठेवून मला काय मिळणार? उरलेली जमीनही संपादित करा, ही आमच्या गावाची मागणी आहे. शेती राखण्याचा आग्रह शेती न करणाऱ्यांनी जरा बेताने धरावा.

वर्धाकाठ:
आपला राग मला मान्य आहे, मागणी नाही. आपले शेत घेतले की रेघ पुढच्या शेतापर्यंत सरकेल आणि आपल्या जागी दुसरा कोणी येईल. शिवाय आपल्या जमिनीचा कस मुळात काय होता याचा कागद असता, तर आज धुळीची आणि पाण्याची भरपाई मागता आली असती. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी 2015 पासून खाणबाधितांसाठीच आहे आणि त्यात पिण्याचे पाणी व पर्यावरण यांना अग्रक्रम आहे. पण आपण बाधित आहोत हे दाखवायला शेतकऱ्याच्या हातात काही नसते.

दोन एकरवाला:
कागद दाखवून कचेरीत किती चकरा माराव्या लागतात, तेही लिहा.

जुना सर्वेक्षक:
एवढे मी मान्य करतो की, पिझोमीटरचे आकडे सहामाही अहवालात गाडून न ठेवता दरमहा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत, आणि तपासणीत कठिणता व सल्फेट यांचा समावेश व्हावा. त्याचा खर्च खाणीच्या हिशेबात नगण्य आहे. सिद्धतेच्या भाराबाबत मात्र माझे मत कायम आहे. निदान किती अंतरापर्यंतच्या विहिरी, हे खडकाचे थर तपासून आधी ठरवा. नाहीतर दहा किलोमीटरवरची विहीरही दावा सांगेल.