नगरपरिषदेने तक्रार 'खाजगी वाद' म्हणून निकाली काढली, आता दाद कुठे मागायची?

पागोळी:
शेजारच्या प्लॉटवर मंजूर नकाशापेक्षा जास्त बांधकाम झालंय. आमच्या बाजूला नकाशात दीड मीटर सामासिक अंतर (हद्दीपासून बांधकामापर्यंत मोकळी सोडायची जागा) आहे. प्रत्यक्षात स्लॅब कुंपणाच्या भिंतीपासून दोन वितींवर आलाय आणि वरच्या पत्र्याची पावळी (कडेवरून पडणारं पावसाचं पाणी) थेट आमच्या घराच्या भिंतीवर पडते. आतून ओल धरलीय, पोपडे सुटलेत. नगरपरिषदेला दोन अर्ज दिले, दोन्हींची पोच आहे. चार महिन्यांनी उत्तर आलं: 'सदर बाब खाजगी स्वरूपाची असून आपण सक्षम न्यायालयात दाद मागावी.' स्थळपाहणी केली की नाही, याचा उल्लेखही नाही. आता तक्रार नगरपरिषदेच्या या कारभाराविरुद्ध करायची आहे. सुरुवात कुठून करू?

आवकजावक:
आधी तुमचेच अर्ज काढून वाचा. त्यात 'अतिक्रमण', 'आमची हद्द', 'शेजारी त्रास देतो' असे शब्द असतील तर बांधकाम विभागाला हे उत्तर आयतंच सापडतं, कारण हद्दीचा वाद मिटवणं त्यांचं काम नाहीच. मंजूर नकाशाविरुद्ध बांधकाम झालं की नाही हे तपासणं मात्र त्यांचंच काम आहे. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 नुसार त्या हद्दीत नियोजन प्राधिकरण नगरपरिषद आहे. काम चालू असेल तर कलम 54 खाली थांबवण्याची नोटीस, झालेलं असेल तर कलम 53 खाली ते हटवण्याची नोटीस. तक्रारदार शेजारी आहे म्हणून ही जबाबदारी खाजगी होत नाही.

नवा अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, एका पानाचा. परवानगी क्रमांक व तारीख, नकाशातलं अंतर, जागेवरचं अंतर, आणि मागणी एकच: स्थळपाहणी करून कलम 53 खाली कार्यवाही करावी. पावळीचा विषय यात घालू नका. तो घातला की अर्ज पुन्हा 'खाजगी' होतो.

त्याच्या आधी माहिती अधिकाराखाली अर्ज. बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा, जोता तपासणीचा दाखला (जोत्यापर्यंतचं काम नकाशाप्रमाणे असल्याचा), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायची परवानगी), आणि तुमच्या दोन्ही अर्जांवरची टिपणी व स्थळपाहणी अहवाल मागा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर 150 शब्दांच्या आत. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याला 20 रुपये. नस्ती (फाइल) प्रत्यक्ष पाहायचीही मागणी करा, पहिल्या तासाला शुल्क नसतं. 'स्थळपाहणी अहवाल अभिलेखात उपलब्ध नाही' एवढं एक वाक्य लेखी मिळालं तरी पुढचं काम निम्मं होतं, कारण न पाहताच तक्रार निकाली काढली हे त्यांच्याच सहीने सिद्ध होतं.

मोजपट्टी:
वरच्या सल्ल्यात एक भर, आणि ती महत्त्वाची आहे. सामासिक अंतर प्लॉटच्या हद्दीपासून मोजतात, कुंपणापासून नाही. कुंपणाची भिंत मुळात हद्दीवर आहे याची खात्री केलीत का? नसेल तर उपअधीक्षक भूमि अभिलेखांकडे मोजणीचा अर्ज करा आणि 'क' प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) हातात आल्यावरच अर्जात आकडा लिहा. तुमचा आकडा अर्धा फूट जरी चुकला तरी शेजाऱ्याचा वकील नेमकं तिथंच बोट ठेवतो.

दुसरं, घाईची नोटीस तुमच्याच मुळावर येते. मोजमापं न लिहिता, सुनावणी न देता नोटीस काढली की शेजारी न्यायालयात जातो, मनाई मिळते आणि प्रकरण वर्षानुवर्षं लोंबकळतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 13 नोव्हेंबर 2024 च्या निर्देशांप्रमाणे कारणे दाखवा नोटिशीला 15 दिवस, सुनावणी, आणि पाडण्याच्या आदेशानंतर पुन्हा 15 दिवस द्यावे लागतात. म्हणून 'तातडीने पाडा' असं लिहू नका. 'विहित कार्यपद्धतीने' असं लिहा. नोटीस निघाल्याचं कळताच दिवाणी न्यायालयात कॅव्हेट टाका. ते 90 दिवस चालतं, तुम्हाला न कळवता एकतर्फी मनाई मिळणं अवघड होतं. शेजारी बांधकाम नियमित करायला अर्ज करू शकतो, त्यावर आपली लेखी हरकत आधीच नोंदवून ठेवा.

पागोळी:
नकाशा 'तिऱ्हाइताची माहिती' म्हणून नाकारतील का? आणि पाण्यासाठी दिवाणी दावा आत्ताच लावू का?

आवकजावक:
नाकारतात बऱ्याचदा. पहिल्या अपिलात लिहा की हा नगरपरिषदेने स्वतः मंजूर केलेला अभिलेख आहे, आणि नकाशा व प्रत्यक्ष बांधकाम ताडून पाहण्यात सार्वजनिक हित आहे.

दाव्याची घाई नको. प्रकरण न्यायप्रविष्ट झालं की ते लोकशाही दिनात (अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात तो दिवस) घेत नाहीत. नव्या अर्जावरही हालचाल नाही झाली तर आधी तालुक्याचा लोकशाही दिन, महिन्याचा तिसरा सोमवार. तिथं काही नाही झालं तर जिल्हाधिकाऱ्यांचा, पहिला सोमवार. जिल्ह्याचा अर्ज विहित नमुन्यात, दोन प्रतींत, 15 दिवस आधी द्यावा लागतो. समांतर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका प्रशासन शाखेत तक्रार द्या. विषयात शेजाऱ्याचं नाव नको. 'स्थळपाहणी न करता तक्रार निकाली काढल्याबाबत' असं लिहा. लोकायुक्तांकडे (सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणारं पद) जायचं तर शपथपत्र लागतं आणि गाऱ्हाण्याला ती कृती कळल्यापासून 12 महिन्यांची मुदत आहे. तुमची मुदत त्या उत्तराच्या तारखेपासून धरा.

मोजपट्टी:
पाण्याचा पुरावा मात्र पावसातच गोळा होतो. पत्र्याच्या कडेपासून भिंतीवर धार कुठं पडते ते एकाच फ्रेममध्ये येईल असा व्हिडिओ घ्या, आणि आतल्या ओलीच्या कडेला पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. दर पंधरा दिवसांनी नवी रेघ. पन्हळ लावून पाणी आपल्या हद्दीत उतरवावं, अशी शेजाऱ्याला स्पीड पोस्टने नोटीस आजच पाठवा. दावा नंतर लावला तरी ती कामी येते.