वसा, पेशा की कारकुनी?

प्रश्न : जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने १९१७ साली म्युनिकमध्ये वैज्ञानिकांच्या कामावर व्याख्यान दिलं. त्याचा अनुवाद करतोय. शीर्षकातल्या ‘बेरुफ’ या जर्मन शब्दाला मराठीत काय म्हणावं? व्रत की पेशा?

उत्तर १ : ‘बेरुफ’ म्हणजे पोटापाण्याचा धंदा, आणि आतून आलेली हाकही. ‘रुफेन’ म्हणजे हाक मारणे. ‘व्रता’त पगार बसत नाही, ‘पेशा’त हाक ऐकू येत नाही. पण व्याख्यानाची सुरुवातच नेमणुका, पगार आणि नशिबाने होते. संशोधन संस्थेतला साहाय्यक कारखान्यातल्या कामगारासारखा परावलंबी झालाय, हे वेबर तेव्हाच सांगतो. म्हणून माझं मत ‘पेशा’ला.

उत्तर २ : ‘वसा’ का नको? उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये. शिवाय तो कुणाकडून तरी घ्यावा लागतो. गुरू-शिष्याचं नातं आपोआप येतं.

उत्तर ३ : अहो, मी प्रयोगशाळेत काम करतो. आमच्याकडे वसाबिसा कुणी म्हणत नाही. इंडेंट, एल-वन, जेम, यूसी हे आमचे शब्द. इंडेंट म्हणजे खरेदीचा मागणीअर्ज, जेम म्हणजे सरकारी खरेदीचं ऑनलाइन पोर्टल. एल-वन म्हणजे सर्वांत कमी दराची निविदा. रसायन कितपत शुद्ध आहे, हा प्रश्न त्यानंतरचा. यूसी म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. ते गेलं नाही तर अनुदानाचा पुढचा हप्ता अडतो, त्यामुळे मार्चमध्ये प्रयोग बाजूला आणि पावत्या पुढे. ‘काय चाललंय?’ विचारलं की ‘फाइल वर गेलीय’. जून २०२५ मध्ये जेम पोर्टलबाहेरून खरेदीची मुभा संस्थाप्रमुखांना मिळाली, दरपत्रकं न मागवता खरेदीची मर्यादाही १ लाखावरून २ लाखांवर गेली. बरं झालं, पण सवय जायला वेळ लागेल.

उत्तर २ : मग तर ‘वसा’च! त्यालाही नियम असतात, उद्यापन असतं. यूसी म्हणजे तुमचं उद्यापनच की.

उत्तर ३ : फरक आहे. वशाचे नियम मोडले तर वसा मोडतो. आमचे नियम काटेकोर पाळले तरी प्रयोग बिघडू शकतो, आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही.

उत्तर १ : प्रयोगाआधी कागद सांभाळायच्या या प्रकाराला ‘नोकरशाही’ म्हणणंही मला अपुरं वाटतं. त्यात सत्ता दुसऱ्याकडे असते, बाबू वेगळा आणि वैज्ञानिक वेगळा. इथे वैज्ञानिक स्वतःच रकाने भरतोय. त्याला ‘कारकुनी’ म्हणा. आणि ती सगळीच फुकट नसते. पैसा जनतेचा आहे, हिशेब द्यायलाच हवा. तक्रार इतकीच, की बढतीच्या अर्जातही आता शोधापेक्षा शोधनिबंधांची संख्या आधी मोजतात.

प्रश्नकर्ता : शीर्षकात ‘पेशा’ ठेवतो. ‘वसा’ तळटीपेत. ‘कारकुनी’ प्रस्तावनेत वापरीन.