मदत हवी आहे: कॉलेजची प्रसिद्धी, तुटपुंजं बजेट आणि फ्लेक्सवरचे फोटो

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित कॉलेजात इतिहास शिकवतो. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळेल त्यांनी कृपया गप्प बसावं. यंदा प्रसिद्धी समिती माझ्या गळ्यात पडली आहे. पात्रता काय, तर मराठी बरं लिहितो आणि मोबाइलवर व्हिडिओ जोडता येतो.

बीए, बीकॉम अनुदानित, बीसीए विनाअनुदानित. बीएची पटसंख्या घसरली की वर्कलोड, म्हणजे शिक्षकांच्या वाट्याचे तास, घसरतो, म्हणून मे महिन्यात आम्ही सगळे पत्रकं घेऊन गावोगाव फिरतो. सांगलीची जुनी कॉलेजं, विलिंग्डन १९१९ चं, वालचंद १९४७ चं, त्यांना नावच पुरतं. आमच्यासारख्यांना मात्र सांगली, कोल्हापूर, पुण्याकडे निघालेल्या पोरांना अडवून "इथंही शिकता येतं" हे सांगावं लागतं.

बजेट दीड लाखाच्या आतबाहेर. संस्थेचा बेत ठरलेला: चौकाचौकात फ्लेक्स, दैनिकाच्या प्रवेश पुरवणीत अर्धं पान, उरलं तर बाकीचं. फ्लेक्सचं प्रूफ काल आलं. वर संस्थापक, मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, संचालक मंडळ, एका कोपऱ्यात प्राचार्य. मधे 'प्रवेश सुरू'. अभ्यासक्रम सगळ्यात खालच्या पट्टीत, आणि फोन नंबर एवढा बारीक की गाडी स्टँडवर लावून उतरल्याशिवाय वाचता येणार नाही. तो नंबरही ऑफिसच्या लँडलाइनचा. जेवणाच्या सुट्टीत तो वाजून वाजून आपोआप थांबतो.

परवा तिथं सहज उभा होतो म्हणून उचलला. जतकडचे पालक होते. "सर, पोरीला बीसीएला घालायचं हाय. पहिल्या गाडीनं निघाली तर पहिला तास गावतोय का? आन् मुलींची फी माफ झालीय म्हणत्यात, ती तुमच्याकडं हाय का? पास फुकट मिळंल का?" या तीनपैकी एकाचंही उत्तर आमच्या पत्रकात नाही, फ्लेक्सवर नाही, वेबसाइटवर नाही. वेबसाइटवर नॅकसाठी (कॉलेजांना श्रेणी देणारी संस्था) चढवलेल्या पीडीएफ आहेत, ढिगानं.

तर अडचण अशी. सचिवांना जाहिरातीत '१०० टक्के प्लेसमेंट' हवं आहे. कॅम्पस मुलाखती झाल्या, काही मुलं लागली, पण शंभर टक्के कुठून आणू? नॅकच्या श्रेणीची मुदत संपली आहे, नवीन फेरी अजून व्हायची आहे, तरी जुनी श्रेणी मोठ्या अक्षरात टाका म्हणतात. एक एजन्सीवाला बारावीच्या मुलांचे हजारो मोबाइल नंबर विकायला तयार आहे आणि संस्थेला तो देवदूत वाटतो. आणि फ्लेक्सच्या पैशातून थोडे काढून दुसरीकडं लावायचे असतील तर वरच्यांना पटवायचं कसं? नोकरी इथंच करायची आहे, हे लक्षात ठेवून सांगा.

*

हरिपूर रोड:
मी इंजिनिअरिंगच्या प्रवेश विभागात आहे, त्यामुळे हे सगळं दर जूनला बघतो. प्लेसमेंटचं आधी घ्या. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलचे शिक्षणसंस्थांच्या जाहिरातींसाठी वेगळे नियम आहेत. पुरावा नसताना नोकरीची हमी द्यायची नाही, आणि प्लेसमेंटचा दावा केलाच तर 'मागील कामगिरी ही भविष्यातील नोकरीची हमी नाही' अशा अर्थाची ओळ सोबत द्यावी लागते, तीही दाव्यापेक्षा बारीक अक्षरात नाही. सचिवांपुढे ही ओळ घालून प्रूफ ठेवा. १०० टक्क्यांच्या खाली तेवढ्याच मोठ्या टायपात ती ओळ बघितली की त्यांचं त्यांनाच नको होतं. आमच्याकडं असंच झालं.
त्याऐवजी बॅचमध्ये मुलं किती, मुलाखतीला बसली किती, लागली किती, एवढे तीन आकडे द्या. लहान असले तरी पालक ते विचारतातच.
नॅकची श्रेणी पाच वर्षांसाठी असते. मुदत संपलेली श्रेणी छापू नका. फारच आग्रह धरला तर कोणत्या वर्षी मिळाली आणि कधीपर्यंत होती ते लिहा, म्हणजे आग्रह मावळेल.

फीचं जरा नीट समजून घ्या, कारण यात मुलींचं नुकसान होतं. राज्याचा जुलै २०२४ चा निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ओबीसी मुली, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. बाकीची फी भरावी लागते. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून हवा. बीसीए, बीबीए २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) कक्षेत येऊन सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, गेले, हे खेड्यात अजून पोचलेलं नाही. पोरगी सीईटी न देता थेट तुमच्या दारात येते आणि माफी हातची जाते. सीईटीच्या अर्जाची तारीख मार्चच्या आत गावोगाव सांगितलीत तर जूनमधल्या दहा फ्लेक्सचं काम होईल.

*

येरळाकाठ:
सर, मी फ्लेक्स छापतो, माझ्या पोटावर पाय देताय, तरी सांगतो. फोटो काढायला लावू नका, अजिबात निघणार नाहीत. संचालकांचा फोटो काढला तर पुढच्या मीटिंगला तुमचा विषय निघंल. दोन डिझाइन करा. एक सगळ्यांच्या फोटोचा, कॉलेजच्या गेटवर आणि अध्यक्षांच्या गावात. दुसरा एसटी स्टँडवर, त्यावर कोर्सची नावं, फी आणि एकच मोबाइल नंबर, बास. स्टँडवरच्यात फोटो नाहीत हे कुणाच्या ध्यानातपण येत नाही, कारण संचालक एसटीनं फिरत नाहीत.
आणि पेपरला अर्धं पान कशाला? तालुक्याच्या वार्ताहराला मुलांची बातमी द्या. 'अमुक गावच्या शेतमजुराच्या मुलीला नोकरी' ही बातमी गावात कात्रण काढून ठेवत्यात. जाहिरातीचं पान भजी बांधायला जातंय.

*

मिरज जंक्शन:
नंबर विकत घेण्याच्या भानगडीत पडू नका. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. बारावीची बरीच मुलं अठराच्या आतली. त्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, असं कायद्यात आहे. विक्रेत्याकडं ती नसणार, हे उघड आहे.
शिवाय व्यवहाराचं बघा. बल्क एसएमएस पाठवायचा तर ट्रायच्या (दूरसंचार नियामक) नियमानुसार डीएलटी या नोंदणी यंत्रणेवर संस्थेची, हेडरची (मेसेज पाठवणाऱ्याचं छोटं नाव) आणि मजकुराच्या टेम्पलेटची नोंदणी लागते. साध्या व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जणच बसतात, आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. अनोळखी हजारो लोकांना मेसेज मारलेत तर नंबरच बंद होईल, ऐन जूनमध्ये.
त्यापेक्षा तालुक्यातल्या ज्युनिअर कॉलेजात करिअरवर तासभर बोला आणि ज्यांना हवं त्यांना कॉलेजचा नंबर सेव्ह करायला सांगा. यादी छोटी होईल, पण खरी.

*

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. दोन फ्लेक्सची युक्ती प्राचार्यांना सांगितली, ते आधी हसले आणि मग म्हणाले, बिल एकाच नावानं घ्या. प्लेसमेंटची ओळ घालून नवं प्रूफ मागवलं आहे. पासचं डेपोत विचारलं: एसटीचा मुलींचा मोफत पास बारावीपर्यंतच, पदवीला सवलतीचा काढायचा. हेच एका पानावर लिहितोय, फी आणि एसटीच्या वेळांसकट. अर्ध्या पानाची जाहिरात मात्र टळणार नाही, ती छापणाऱ्या दैनिकाचे वार्ताहर संस्थेच्या जवळचे आहेत.
राहिला फोन. मे-जूनमध्ये ऑफिसचा स्टाफ परीक्षा आणि निकालात अडकलेला असतो. नंबर मोठा छापला आणि उचलायला कुणी नसलं तर आणखी शोभा. काय करावं?

*

हरिपूर रोड:
'कमवा आणि शिका'तल्या दोन मुली बसवा. शक्यतो जत-आटपाडीकडून येणाऱ्या, दुसऱ्या वर्षाच्या. मोबाइल कॉलेजचा द्या, स्वतःचा नंबर देऊ देऊ नका. शेजारी वही ठेवा: कुठल्या गावचा फोन, काय विचारलं, परत कधी करायचा. पहिली गाडी तास गाठते का, हे त्या तुमच्यापेक्षा नीट सांगतील. आणि मानधन दर आठवड्याला द्या, संस्थेच्या मंजुरीसाठी ऑगस्टपर्यंत ठेवू नका.