मदत हवी आहे: हिप्परग्याचे बेडूक, ब्लास्टमध्ये दोन नावं

माळावरचा: एमएस्सी प्राणिशास्त्राचा प्रकल्प आहे. सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाकाठचे छोटे बेडूक घेतले. जाती दोन आहेत, नुसत्या डोळ्यांनी कळतं. डीएनए काढून सिक्वेन्स करून (म्हणजे त्याची अक्षरं वाचून) आणला, तर ब्लास्ट (सिक्वेन्स जुन्या नोंदींशी ताडणारा प्रोग्रॅम) दोन्ही गटांना दोन्ही नावं दाखवतंय, ९९ टक्के. मंगळवारी सादरीकरण आहे. कोणतं नाव कुठल्या गटाला, एवढंच सांगा. लवकर सांगा, प्लीज.

जीनपट्टी: जनुक कोणतं? नमुने किती? आणि ती दोन नावं कोणती?

रानवाट: डीएनएचा खर्च कशाला केलात? अंधार पडल्यावर तलावावर जा आणि मोबाइलवर आवाज टिपा. प्रत्येक जातीच्या नराची हाक वेगळी असते. मी १२ वर्षं सोलापूरच्या माळावर हेच करतोय.

जीनपट्टी: @रानवाट मादी सहसा ओरडत नाही. टॅडपोल तर हाक देतच नाही. त्यांचं काय करणार?

रानवाट: आणि तुमचा डीएनए नाव कुठून आणतो? कुणीतरी आधी ओळखून टाकलेल्या नोंदीवरूनच ना? ती ओळख चुकली असेल तर?

अंगणातली: घरात येत असतील तर कृपया मीठ टाकू नका. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, फार हाल होतात. मोरीला जाळी बसवा.

माळावरचा: घरात येत नाहीत हो. १६एस जनुक केलंय, सहा नमुने. बेडकाच्या बोटाचं टोक अल्कोहोलमध्ये ठेवलं होतं. मुद्द्याचं कुणी सांगेल का?

उजनीकाठ: १६एस कशाला? सीओआय जनुक करा, डीएनएवरून जात ओळखायचं बारकोडिंग म्हणजे सीओआय. आम्ही उजनीच्या माशांवर केलं, पहिल्या फटक्यात जनुक मिळालं.

जीनपट्टी: माशांत चालतं. बेडकांत प्रायमर (प्रती काढायला लागणारा डीएनएचा छोटा तुकडा) जिथे चिकटायचा तिथलीच अक्षरं जातीगणिक बदलतात, म्हणून पीसीआर, म्हणजे जनुकाच्या प्रती काढणं, अनेकदा फसतो. १६एसची ती जागा स्थिर आहे, ५५० च्या आसपास अक्षरं सहज मिळतात. त्यांनी केलंय ते बरोबर आहे. @माळावरचा, नावं सांगा ना.

माळावरचा: फेजेरवार्या सह्याद्रेन्सिस आणि मिनर्वार्या सह्याद्रेन्सिस.

जीनपट्टी: अहो, हा एकच बेडूक आहे! प्राणिशास्त्रज्ञ अ‍ॅनन्डेलनी १९१९ मध्ये त्याला सह्याद्रीचं नाव दिलं. पुढे तो फेजेरवार्या वंशात (नावाचा पहिला शब्द) होता, अलीकडे मिनर्वार्यात गेला. जीनबँकेतल्या (ब्लास्ट जिथे शोधतं त्या सिक्वेन्सच्या साठ्यातल्या) जुन्या नोंदींवर जुनं नाव तसंच राहिलंय. दोन गट कशावरून केलेत?

माळावरचा: पाठीवरच्या पांढऱ्या रेघेवरून. काहींना ठळक आहे, काहींना अजिबात नाही.

रानवाट: रेघेवर जाऊ नका. एकाच डबक्यात, एकाच जातीत रेघवाले आणि बिनरेघेचे दोन्ही असतात. हे जीनपट्टींनाही मान्य असेल.

जीनपट्टी: शंभर टक्के. ब्लास्ट बाजूला ठेवा आणि सहाही सिक्वेन्स एकमेकांशी जुळवून बघा.

जुनासोलापूरकर: ७२ च्या दुष्काळानंतर मृगाचा पहिला पाऊस पडला त्या रात्री आमच्या गल्लीत कुणाला झोप नव्हती. बेडकांचा आवाज ऐकून आई रडली होती. त्या आवाजाचा असा अभ्यास कुणी करतंय, बरं वाटलं.

माळावरचा: जुळवले. पाच जवळपास तंतोतंत सारखे. चौथा मात्र ५३० पैकी २७ ठिकाणी वेगळा. त्याचं ब्लास्ट ९५ दाखवत होतं म्हणून मी तो सोडून दिला होता.

जीनपट्टी: हेच आधी सांगायचं! म्हणजे ५ टक्के फरक. १६एसमध्ये ३ टक्क्यांच्या वर गेलं की वेगळी जात असण्याची शंका घ्यावी, असा ढोबळ संकेत आहे. चौथा कसा होता?

माळावरचा: बिनरेघेचा. आणि तो हिप्परग्याचा नाही, अक्कलकोट रस्त्याच्या एका शेततळ्यातला. तसाच दिसला म्हणून यात धरला.

जीनपट्टी: त्याच ऊतीतून डीएनए पुन्हा काढा, नळ्यांची अदलाबदल झाली नाही ना ते बघा. तिथलेच आणखी नमुने हवेत. १६एस मायटोकॉन्ड्रियातलं, ते आईकडूनच येतं आणि एकच बाजू दाखवतं, त्यामुळे पुढे पेशीच्या केंद्रकातलं एखादं जनुकही लागेल. एका बेडकावर नवं नाव ठेवायचं नाही.

माळावरचा: मग मंगळवारी काय सांगू?

जीनपट्टी: हिप्परग्याचे पाचही एकाच जातीचे. चौथ्याचं काम चालू आहे, असं स्पष्ट सांगा. सर रागावणार नाहीत.

रानवाट: शेततळ्यात पाणी आहे का अजून? माझ्याकडे चांगला माईक आहे, शनिवारी रात्री येऊ शकतो. ज्या नराचा आवाज टिपू, त्याचाच नमुना घ्या.

माळावरचा: आहे, गुडघाभर. बसस्टँडवर सातला थांबतो.