इन्व्हर्ट, हॉन्च, स्प्रिंगलाइन : भूमिगत काँक्रीट पाइपांच्या कामातील शब्दांचे नेमके अर्थ

नवी_वाट :

नमस्कार मंडळी. इमारतींच्या कामावर चार वर्षे काढल्यानंतर दोन महिन्यांपूर्वी मी काँक्रीट पाइपच्या भुयारी गटाराच्या कामावर रुजू झालो. या क्षेत्रातले शब्द मला ऐकून माहीत होते. पण ऐकून माहीत असणे आणि अर्थ ठाऊक असणे यांतला फरक गेल्या आठवड्यात चांगलाच कळला.

नकाशात दोन मॅनहोलमधले अंतर ३० मीटर आहे. वरच्या मॅनहोलपाशी इन्व्हर्ट लेव्हल ९६.४५० आणि खालच्यापाशी ९६.३०० दिलेली आहे, म्हणजे उतार २०० ला १. पाइप ३०० मिलिमीटर आतील व्यासाचा असून त्याच्या भिंतीची जाडी ५० मिलिमीटर आहे. खालच्या टोकाला पातळी देताना मी मुकादमांना सांगितले, की पाइपचे बूड ९६.३०० ला आले पाहिजे. त्यांनी बूड शब्दाचा सरळ अर्थ घेतला आणि पाइपचा बाहेरचा तळ त्या पातळीला बसवला. वरच्या टोकाची खूण मात्र सर्वेक्षकांनी इन्व्हर्ट धरूनच केलेली होती. चार पाइप बसल्यावर मॅनहोलमध्ये उतरून पाहिले, तर पाइपचा आतला तळ तिथल्या चॅनेलपेक्षा, म्हणजे मॅनहोलच्या तळातल्या पन्हळीपेक्षा, ५० मिलिमीटर वर दिसला. ते चारही पाइप पुन्हा काढावे लागले.

मुकादमांचे म्हणणे असे, की "साहेब, घागरीचे बूड कुठे असते? बाहेरूनच ना!" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. इन्व्हर्ट, क्राउन, स्प्रिंगलाइन, हॉन्च, बेडिंग, कव्हर हे शब्द पाइपच्या नेमक्या कोणत्या भागाला लावायचे आणि त्यांतला फरक प्रत्यक्ष कामात कुठे भोवतो, हे अनुभवी मंडळींनी समजावून सांगावे, ही विनंती.

ओळंबा :

मुकादमांची चूक नाही आणि घागरीची तर नाहीच. मराठीत बूड बाहेरचे असते. इन्व्हर्ट म्हणजे पाइपच्या आतल्या पोकळीचा सर्वांत खालचा बिंदू, जिथून पाण्याचा शेवटचा थेंब वाहतो ती रेषा. गटाराचे सगळे गणित पाण्याच्या वाटेचे असल्यामुळे नकाशावरची पातळी नेहमी या आतल्या तळाची असते. मी स्वतः कामावर "आतला तळ" आणि "बाहेरचे बूड" असे दोन वेगळे शब्द ठरवून टाकले आहेत आणि पहिल्याच दिवशी पाइपच्या तोंडावर खडूने दोन्ही दाखवून देतो.

तुमच्या बाबतीत काय झाले असते ते पाहा. वरचे टोक बरोबर आणि खालचे ५० मिलिमीटर वर, म्हणजे १५० मिलिमीटरची उतरण १०० वर आली आणि २०० ला १ चा उतार ३०० ला १ झाला. पाण्याचा वेग काढण्याच्या मॅनिंगच्या सूत्रात खडबडीतपणाचा गुणांक ०.०१३ धरला, तर ३०० मिलिमीटरच्या पूर्ण भरलेल्या पाइपमध्ये वेग सेकंदाला ०.९७ मीटरवरून सुमारे ०.७९ मीटरवर येतो. गाळ तळाशी बसू नये म्हणून धरला जाणारा किमान वेग साधारण ०.६ मीटर असतो. म्हणजे कागदावर तुमची वाहिनी तरली असती; पण पाइप क्वचितच पूर्ण भरून वाहतो, आणि पाणी कमी असण्याच्या तासांत राखीव फरक किती उरला असता हा प्रश्नच आहे.

खोदाईची पातळी काढण्याचा हिशेबही इथूनच सुरू होतो. इन्व्हर्ट ९६.३००, त्यातून भिंतीची जाडी ५० मिलिमीटर वजा केली की बाहेरचे बूड ९६.२५०, त्याखाली बेडिंगचा, म्हणजे पाइप ज्यावर बसतो त्या खडीचा, थर १५० मिलिमीटर असेल तर चराचा तळ ९६.१००. ही वजाबाकी नकाशात बहुधा लिहिलेली नसते, ती ज्याने त्याने करायची असते. सॉकेट, म्हणजे एका टोकाला रुंद तोंड, असलेल्या पाइपला प्रत्येक जोडाखाली वेगळा खळगाही करावा लागतो, कारण सॉकेटचा बाहेरचा व्यास मोठा असतो. खळगा केला नाही तर पाइप जोडांवर टेकतो आणि मधला भाग तुळईसारखा अधांतरी राहतो. मग भराव पडला की पाइप आडवा तडकतो.

क्राउन म्हणजे माथा. स्प्रिंगलाइन म्हणजे पाइपच्या मध्याच्या उंचीवर दोन्ही बाजूंना असणारी आडवी रेषा. कमान जिथून उठते त्या ठिकाणावरून हा शब्द आला आहे. स्प्रिंगलाइनच्या खाली आणि बुडाच्या वर, पाइप आत वळत जातो तो दोन्ही बाजूंचा भाग म्हणजे हॉन्च. कव्हर म्हणजे पाइपच्या बाहेरच्या माथ्यापासून जमिनीच्या पृष्ठभागापर्यंतची मातीची उंची. इमारतींच्या कामात तुम्ही कव्हर म्हणजे सळईवरचे काँक्रीट असे शिकलात. पाइपच्या कामात हे दोन्ही अर्थ एकाच कागदावर येतात, तेव्हा सावध राहा.

पाणसळ :

वरच्या उत्तराला एक दुरुस्ती जोडतो. क्राउन हा शब्दसुद्धा बुडाइतकाच फसवा आहे. जलगतीचा विचार करणारे लोक क्राउन म्हणताना आतला माथा धरतात, तर भाराचा आणि कव्हरचा विचार करणारे बाहेरचा. म्हणून आतल्या माथ्यासाठी ऑब्व्हर्ट किंवा सॉफिट हा शब्द वापरावा, असा माझा आग्रह असतो.

याचा उपयोग पाइपचा व्यास बदलतो तिथे होतो. समजा, मॅनहोलमध्ये ३०० मिलिमीटरचा पाइप येतो आणि ४५० मिलिमीटरचा बाहेर पडतो. दोघांचे इन्व्हर्ट एकाच पातळीला ठेवले, तर मोठा पाइप भरत आला की पाणी लहान पाइपमध्ये मागे तुंबते. म्हणून साधारण प्रथा अशी, की दोन्ही पाइपांचे सॉफिट जुळवावेत. मग मोठ्या पाइपचा इन्व्हर्ट १५० मिलिमीटर खाली जातो. हा खालीपणा नकाशात दिसला, की नवखा माणूस ती चूक समजून "दुरुस्त" करायला निघतो. तसे करू नये.

आणखी एक. पाइप बसवण्याचे काम खालच्या टोकाकडून वरच्या टोकाकडे जाते आणि सॉकेटचे तोंड वरच्या, म्हणजे चढाच्या दिशेला असते. पुढच्या पाइपचा स्पिगट, म्हणजे सॉकेट नसलेले साधे टोक, रबर रिंग चढवून त्या तोंडात ढकलता येतो. शिवाय चरात झिरपलेले पाणी आपोआप मागे वाहून जाते आणि काम कोरड्यात राहते.

चर_आणि_भराव :

आतापर्यंतची चर्चा पाण्याची झाली, मातीची राहिली. माझ्या मते या संपूर्ण शब्दसंग्रहातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित शब्द हॉन्च हा आहे.

काँक्रीटचा पाइप दृढ असतो. प्लॅस्टिकचा पाइप भार आला की थोडा चपटा होऊन बाजूच्या मातीवर रेलतो. काँक्रीटच्या पाइपला ती सोय नाही, तो भार स्वतःच्या अंगावर घेतो. अशा वेळी त्याचे बूड सपाट, कडक जमिनीवर एका रेषेत टेकलेले असेल, तर सगळा भार त्या एका रेषेतून जातो. तेच बूड आणि दोन्ही हॉन्च नीट दाबलेल्या बारीक खडीत बसले असतील, तर भार रुंद पट्ट्यावर वाटला जातो. या फरकाला आकडा देण्यासाठी बेडिंग फॅक्टर हा शब्द आहे : प्रत्यक्ष जागेवर पाइप जेवढा भार पेलतो, भागिले प्रयोगशाळेत थ्री-एज बेअरिंग चाचणीत, म्हणजे खाली दोन जवळजवळच्या पट्ट्या आणि वर एक धार अशा क्रूर स्थितीत, पेलतो तो भार. जुन्या आणि अजूनही शिकवल्या जाणाऱ्या वर्गवारीत सपाट तळावर नुसता ठेवलेल्या पाइपला, म्हणजे वर्ग डी ला, १.१ हा आकडा मिळतो. वर्ग सी ला १.५, आणि स्प्रिंगलाइनपर्यंत खडी दाबून भरलेल्या वर्ग बी ला १.९. पाइप तोच असतो. फरक फक्त त्याच्या हॉन्चखाली कोणी वाकून धुम्मस केली की नाही, एवढाच.

आता चराच्या रुंदीकडे वळू. अमेरिकेतील आयोवाचे अ‍ॅन्सन मार्स्टन यांनी १९१३ मध्ये चरातल्या पाइपवरील भाराचा सिद्धान्त मांडला, त्याचा गाभा आजही वापरात आहे. भराव खाली बसू पाहतो, चराच्या न हललेल्या भिंती त्याला घर्षणाने अंशतः धरून ठेवतात, आणि उरलेले वजन पाइपवर येते. त्यामुळे भार पाइपच्या व्यासावर नव्हे, तर पाइपच्या माथ्यापाशी चर किती रुंद आहे यावर ठरतो. मी एक हिशेब करून पाहिला. बाहेरचा व्यास ९०० मिलिमीटर, माथ्यावर ३ मीटर भराव, त्याचे वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन आणि वालुकामय मातीसाठीचा घर्षणाचा गुणांक ०.१६५ धरला. चर १.३ मीटर रुंद असेल तर पाइपवर मीटरला सुमारे ४९ किलोन्यूटन भार येतो. यंत्रवाल्याने सोयीसाठी तोच चर १.६ मीटर केला, तर ६४ किलोन्यूटन. ३०० मिलिमीटरच्या सैलपणाने भार जवळपास एक तृतीयांश वाढतो. अर्थात एका मर्यादेपलीकडे रुंदी वाढवून भार वाढत नाही. त्या मर्यादेला संक्रमण रुंदी म्हणतात, आणि तिच्यापुढे पाइप चरात नसून भरावाखाली आहे असे समजून हिशेब करतात.

दोन्ही गोष्टी एकत्र पाहा. अरुंद चर आणि वर्ग बी असेल, तर ४९ भागिले १.९, म्हणजे पाइपची चाचणीतली ताकद २६ च्या आसपास हवी. रुंद चर आणि सपाट तळ असेल, तर ६४ भागिले १.१, म्हणजे ५८. सुरक्षा गुणांक याच्या वर वेगळा. पाइपचा दर्जा मागवताना २६ धरला आणि जागेवर ५८ ची परिस्थिती निर्माण केली, तर पाइप बनवणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. मी हे अनुभवावरून लिहितो आहे. एका कामावर आम्ही तडकलेल्या पाइपांबद्दल पुरवठादाराला मोठे खरमरीत पत्र लिहिले होते. नंतर एक पाइप उकरला, तेव्हा त्याच्या हॉन्चखाली माझा हात कोपरापर्यंत सहज गेला. पत्र मुकाट्याने मागे घ्यावे लागले.

नवी_वाट :

आपणा सर्वांची उत्तरे आज मुकादमांना वाचून दाखवली. घागरीचा मुद्दा मान्य झाल्याबद्दल ते समाधानी आहेत. आमच्या पुढच्या टप्प्यात १२०० मिलिमीटरचे पाइप आहेत आणि त्यांतल्या काहींवर एका बाजूला रंगाने "वर" अशी खूण केलेली आहे. गोल पाइपला वर-खाली कसले? शिवाय एका पाइपच्या आत माथ्यावर केसाएवढी उभी चीर दिसते आहे. तो परत पाठवावा का?

चर_आणि_भराव :

ती खूण अजिबात दुर्लक्षू नका. भार आला की गोल पाइप अंडाकृती होऊ पाहतो. त्या वेळी माथ्याला आणि तळाला आतल्या बाजूने ताण येतो, तर स्प्रिंगलाइनला बाहेरच्या बाजूने. काँक्रीट ताणाला दुबळे, म्हणून काही पाइपांत सळयांचा पिंजरा लंबवर्तुळाकार ठेवतात. तो माथ्यापाशी आतल्या पृष्ठभागाजवळ आणि स्प्रिंगलाइनपाशी बाहेरच्या पृष्ठभागाजवळ येतो. असा पाइप चतकोर फिरवून बसवला, तर प्रत्येक ठिकाणी सळई नेमकी चुकीच्या बाजूला जाते.

चीर किती रुंद आहे ते आधी मोजा. डी-लोड, म्हणजे पाइपची चाचणीतली ताकद, या शब्दाची व्याख्याच चिरेवर बेतलेली आहे : चाचणीत ०.३ मिलिमीटर रुंदीची चीर सुमारे ३०० मिलिमीटर लांबीपर्यंत जाते, त्या वेळचा भार. म्हणजे तेवढी चीर हे मोजण्याचे चिन्ह आहे, पाइप मोडल्याचे नव्हे. ओलसर जागेत बारीक चिरा काँक्रीटमधल्याच चुन्याने पुष्कळदा आपोआप बुजतात. मात्र पाइप अजून जमिनीवरच असताना चीर पडली असेल, तर ती बहुधा उचलताना किंवा रचताना पडली आहे. तेव्हा तिची कारणमीमांसा उचलण्याच्या पद्धतीत शोधा.

जुना_मॅनहोल :

बांधणाऱ्यांची चर्चा छान रंगली आहे. मी दुरुस्तीकडचा माणूस, म्हणून एक शब्द माझ्याकडून : क्राउन करोजन, म्हणजे माथ्याची झीज. पावसाच्या पाण्याच्या वाहिनीत हा शब्द सहसा ऐकू येणार नाही. मैलापाण्याच्या वाहिनीत तो हमखास येतो, आणि एकाच काँक्रीटच्या या दोन वाहिन्यांमधला खरा भेद मला तरी इथेच दिसतो.

पाण्याखालच्या बुळबुळीत थरात प्राणवायू नसतो. तिथले जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. पाणी जिथे खळाळते तिथे हा वायू बाहेर पडतो, पाण्यावरच्या ओलसर भिंतीवर दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्ल करतात, आणि काँक्रीटचे पांढऱ्या लगद्यासारखे जिप्सम होते. आम्ल करणाऱ्या या जिवाणूंचा शोध मेलबर्नमध्ये पार्कर यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केला. गंमत अशी, की पाण्याखाली राहणारा इन्व्हर्ट बहुधा ठणठणीत असतो आणि ज्याला पाणी कधी लागत नाही तो माथा कुजतो. मी पाहिलेल्या एका मॅनहोलमधल्या पाइपाच्या माथ्यात स्क्रूड्रायव्हर दोन बोटे आत गेला होता, आणि त्याच पाइपाच्या तळाला साचाच्या खुणा अजून स्पष्ट दिसत होत्या.

म्हणून ड्रॉप मॅनहोल, म्हणजे जिथे वरचा पाइप बऱ्याच उंचीवरून खाली सोडलेला असतो, तिथे विशेष लक्ष ठेवा. उंचीवरून पडणारे पाणी सर्वांत जास्त वायू सोडते. तळातल्या चॅनेलच्या दोन्ही बाजूंना उतरते काँक्रीट भरलेले असते, त्याला बेंचिंग म्हणतात. त्यावर घाण साचू नये आणि माणसाला उभे राहता यावे, इतकाच त्याचा उतार असावा. आणि नवी_वाट, परवा आपण चॅनेल पाहायला मॅनहोलमध्ये उतरलात असे लिहिले आहे. ती वाहिनी नवी होती, म्हणून ठीक. चालू वाहिनीत वायुमापकाने तपासल्याशिवाय आणि वर दोरी धरून माणूस उभा असल्याशिवाय कधीही उतरू नका. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यासारखा वास प्रमाण वाढले की येईनासा होतो, कारण तो वायू नाकाची संवेदनाच मारून टाकतो.