नाबार्ड ठीक, पण नव्या-जुन्याचं काय?

'नाबार्ड शेतकऱ्याच्या हातात थेट पीककर्ज देत नाही, मग उपयोग काय' हे पटलं नाही. १९८२ पासून या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेचं मुख्य काम फेरकर्जाचंच, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकांना पैसा पुरवण्याचं. पैसा राज्य सहकारी बँक, जिल्हा बँक करत गावच्या विकास सोसायटीत येतो.

खरी गोम शेवटच्या पायरीवर आहे. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं की महाराष्ट्रात व्याज शून्य. त्यामुळे मार्चअखेर आमच्याकडे सोसायटीचा कारभार पाहणाऱ्या गटसचिवाच्या टेबलाभोवती ही गर्दी! कुणी पाव्हण्याकडून, कुणी आडत्याकडून चार दिवसांपुरते पैसे उचलतो, भरणा करतो, नवं कर्ज हाती पडलं की त्यांचे परत. हेच ते नवं-जुनं. आडत्याचं व्याज वेगळंच (ते कुठल्याच अहवालात येत नाही). कागदावर वसुली झकास, कर्ज जागच्या जागी.